दसऱ्याच्या दिवशी दाबलेलं बटण

मला कम्प्युटर कोणी शिकवला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याची सबब करायची सोय राहणार नाही.

नागपुरात, महाल भागात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छापखाना होता. तिथे मी फर्म्यांच्या, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालायला आणि पुस्तकं शिवायला जात असे. ऑपरेटर जेवायला घरी जायचा, तेवढ्या पाऊण तासात मी त्याच्या खुर्चीवर बसायची. पहिल्या दिवशी 'क' सापडायला माझा अर्धा जेवणाचा डबा संपला. वर्षभरात मी त्याच्यापेक्षा वेगाने मराठी टाईप करू लागले. छापखाना बंद झाला तेव्हा मालक म्हणाले, "घेऊन जा वं माय हे मशीन. तुझ्याशिवाय याले कोणी विचारत नाही." रिक्षात घालून आणलं. तेव्हापासून आमच्या समोरच्या खोलीत लग्नपत्रिका, वास्तूची कार्डं, तेरवीची कार्डं, शाळांच्या स्मरणिका, सगळं होत आलं आहे. महालातल्या निम्म्या नवरदेवांची नावं माझ्या बोटांखालून गेली असतील. काहींची दोनदा.

मशीनच ते, एक दिवस मेलं. नवं घ्यायला हरकत नव्हती, पण माझा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम इतका जुना की नव्या कम्प्युटरवर तो चालतच नाही. आणि नव्या पद्धतीच्या टायपिंगला माझी बोटं तयार नव्हती. साठी उलटल्यावर बोटांना नव्या घरी नांदायला पाठवायचं म्हणजे काय असतं, ते बोटांनाच ठाऊक.

तेव्हा माझा भाचा मदतीला आला. बहिणीचा मुलगा, बुटीबोरीच्या एका कारखान्यात कम्प्युटरचंच बघतो, त्याचेच केस आता पिकलेत. एक रविवार त्याने माझ्या नव्या कम्प्युटरसमोर बसून काढला आणि संध्याकाळी मला बोलावलं. पडद्यावर एक खिडकी उघडली आणि त्या खिडकीत माझा जुना कम्प्युटर जसाच्या तसा! तेच हिरव्या मैदानाचं चित्र, तेच कोपऱ्यातलं घड्याळ, तोच माझा प्रोग्रॅम.

"मावशी, या कम्प्युटरच्या पोटात तुझा जुना कम्प्युटर ठेवला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात याले."

"म्हणजे भाडेकरू ठेवला म्हण ना."

"हो, भाडेकरूच. त्याले वाटते घर आपलंच आहे. पण घरमालक बदलला का त्याचं काही खरं नाही. म्हणून ऐक. मधून मधून पाटी येईन, नवी सिस्टीम घ्या, नवी सिस्टीम घ्या. तू नाही म्हणायचं."

"आणि चुकून हो म्हटलं तर?"

"मले फोन करायचा. लगेच. काही लपवायचं नाही." आणि त्याने चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली: विचारलं की नाही म्हण.

मी नाही म्हणत आले. किती महिने, रोज सकाळी. ती पाटी आली की मी म्हणायची, नको बाप्पा, जा तू पुढच्या घरी.

याच काळात बाई माझ्याकडे आल्या. बाई म्हणजे महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या, माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठ्या. कामठी रोडकडे मुलीजवळ राहतात. त्यांच्या घरात त्यांच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा त्या लहान होत्या. त्यांना आपल्या आईवर पुस्तक करायचं होतं. आई गिरणीत कामाला जायची, चार मुलींना तिने शिकवलं. सुरुवातीच्या वह्या बाईंनी स्वतः लिहिल्या होत्या. पुढे अक्षर मोठं मोठं होत गेलेलं, एका पानावर पाच ओळी, मग तीन. त्यानंतरच्या वह्याच नाहीत.

"डोळ्याचा मधला भाग चालला जी ताई," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "कडेकडेनं दिसते. तुमच्याकडे पाह्यचं असलं तर तुमच्या खांद्याकडे पाहा लागते. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनं घेऊ, पण किती दिवस टिकते ते सांगता येत नाही."

म्हणून ठरलं असं: वह्यांमधलं मी टाईप करायचं, आणि पुढचं बाई सांगतील तसं थेट मशीनवर घ्यायचं. आणि प्रत्येक पान भल्या मोठ्या अक्षरांत काढून बाईंना द्यायचं, त्या स्वतः वाचून दुरुस्त करतील. मी सहज म्हटलं होतं, मी वाचून दाखवीन की. तर बाईंनी मान हलवली. "नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासल्या. आईचं पुस्तक मी माझ्या डोळ्यांनी वाचीन, मग छापा. मले तेवढंच पाहिजे, दुसरं काही नाही."

पावसाळाभर आमचं काम चाललं. शनिवारी बाई यायच्या, मी चहा ठेवायची, त्या सांगायच्या, मी टाईप करायची. एक प्रकरण नळाचं होतं. बाईंची आई लहान असताना वस्तीबाहेरच्या नळावर पाणी भरायला जायची. तिने तोटीला हात लावायचा नाही, दुसऱ्या कोणी तोटी सोडली तर घागर खाली धरायची. कोणी आलंच नाही तर उन्हात थांबायचं. ते टाईप केलं आणि मी उठून पाणी प्यायले. बाई म्हणाल्या, "लिहिलं ना? पुढे चला."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी बाई आल्या तेव्हा मोठ्या खुशीत होत्या. सांगायचं सारं संपलं होतं. दुसरा अर्धा भाग, साठेक पानं, पूर्ण मशीनमध्ये होता, कागदावर त्यातलं एकही पान निघालं नव्हतं. दसरा झाला की काढू, असं म्हटलं. बाई म्हणाल्या, "मले जरा पडद्यावर पाहू द्या ना." त्यांना मी खुर्ची दिली, माऊस त्यांच्या हाताखाली ठेवला. त्यांनी तो फिरवला, पानं वर सरकली, मान वाकडी करून कडेने एक ओळ वाचली आणि लहान पोरीसारख्या हसल्या. "माझी आई कम्प्युटरमध्ये!"

मग दसरा आला.

छापखान्यात आम्ही दसऱ्याला मशीनची पूजा करायचो. मोठ्या मशीनच्या चाकाला झेंडूचा हार, कटिंग मशीनच्या पात्याला हळदीकुंकू, टाचणीच्या डबीलासुद्धा एक फूल. त्या दिवशी काम नाही, पण पूजेनंतर मालक एक तरी नवी गोष्ट सुरू करायचे. नवी वही उघडायची, नवा टाईप वापरायचा. दसऱ्याला सुरू केलेलं वाढतं, म्हणायचे. ती सवय माझ्या अंगात राहिली. मी कम्प्युटर पुसला, चालू केला, डब्याला कुंकू लावलं, पडद्यावर हार घातला. हाराखाली भाच्याची चिठ्ठी झाकली गेली, पण चिठ्ठी झाकली गेली म्हणून झालं असं मी म्हणणार नाही. चिठ्ठी मला पाठ होती.

पाटी आली. नवी सिस्टीम तयार आहे, घेता का?

आणि माझ्या मनात आलं, आजच्या दिवशी नाही कसं म्हणायचं? दारात कोणी सोनं द्यायला आलं तर दसऱ्याला नाही म्हणतं का कोणी? बह्याड, वेडगळ विचार, पण आला. मी हो म्हटलं. वर दोन आपट्याची पानं ठेवली आणि पुरणाकडे वळले.

दीड-दोन तास ते चाललं. दुपारी पडदा नवा कोरा, गोल गोल कोपरे, फारच छान. मी माझ्या भाडेकरूच्या खिडकीवर टिचकी मारली. इंग्रजीत एक चौकोन आला, त्यात मला दोनच शब्द कळले: चालणार नाही. बंद करून चालू केलं. तेच. फाईल त्या खिडकीबाहेरून, नव्या कम्प्युटरवरच उघडून पाहिली, तर बाईंच्या आईच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं आणि चांदण्या. साठ पानं चांदण्या.

फोन माझ्या हाताशी होता. भाच्याने सांगून ठेवलं होतं, लगेच कर, लपवू नको. मी फोन उचलला आणि ठेवला. वाटलं, तो म्हणेल, मावशी, एवढी चिठ्ठी लिहून दिली होती! सगळ्या नात्यात माझी एक ख्याती आहे ना, स्वतः शिकलेली, पोरांना लाजवणारी मावशी. लग्नाकार्यात तेच सांगतात लोक. त्या ख्यातीला जपायचं म्हणून मी फोन ठेवला. स्वतःच नीट करीन म्हटलं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी बाई कागद न्यायला आल्या. पायऱ्या चढून, भिंतीला हात लावत. पिशवीत जाड शिसाची पेन्सिल आणली होती दुरुस्त्या करायला.

"काढले का पानं?"

मी म्हटलं, "बाई, जरा घोटाळा झाला. ते उघडूनच नाही राहिलं."

"काहून? परवा तर मस्त चालू होतं."

आणि मी म्हटलं. आजही ते वाक्य आठवलं की मी स्वयंपाकघरात एकटी असले तरी तोंड फिरवते. मी म्हटलं, "परवा तुम्ही माऊस धरला होता ना, तेव्हा तुमचा हात लागून काहीतरी दबलं असेल."

बाई माझ्या खांद्याकडे पाहत होत्या, म्हणजे माझ्याकडेच. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले, एकात एक धरले. "असेल," त्या म्हणाल्या. "मले कुठे दिसते." पेन्सिल परत पिशवीत घातली. चहा नको म्हणाल्या. जाताना दाराची कडी मी काढून देईपर्यंत उभ्या राहिल्या, स्वतः हात घातला नाही.

त्या गेल्यावर मला आठवलं, नळाचं प्रकरण याच बोटांनी टाईप केलं होतं. मला तसं म्हणायचं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. मला फक्त स्वतःला वाचवायचं होतं. पण आपल्याकडची जीभ अशा वेळी कुठलं वाक्य उचलते पाहा. हजार वाक्यं होती. वीज गेली म्हणता आलं असतं. नागपुरात वीज गेली यावर कोण विश्वास ठेवत नाही?

त्याच संध्याकाळी बाईंना फोन करून सांगायला पाहिजे होतं. नाही केलं. उद्या नीट होईल, मग सांगायचीच गरज नाही, असं चाललं होतं माझं. रोज सकाळी बसायची, हे दाबायची, ते दाबायची. पुढच्या शनिवारी बाई आल्या नाहीत. दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी त्यांच्या मुलीचा फोन आला.

"काकू, आई म्हणते पुस्तकाचं राहू द्या. जेवढं झालं तेवढं तुम्हीच वाचून छापा. तिचा काही भरवसा नाही म्हणते."

"तब्येत बरी आहे ना?"

"डोळा जास्त गेला. पण ते सोडा, ती घरात कशाले हातच नाही लावून राहिली. टीव्ही लावत नाही, गॅस लावत नाही. मी ऑफिसातून येईपर्यंत बिनचहाची बसते. विचारलं तर म्हणते, माझ्या हातानं बिघडते."

मी म्हटलं, "अस्सं?" एवढंच म्हटलं मी.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाचा फराळाला आला. चकली खात खात कम्प्युटरपाशी गेला, पडदा पाहिला आणि चकली थांबली.

"मावशी, सिस्टीम कोणं बदलवली?"

"मी? छे! मी कशाले बदलवीन!"

"मग?"

"त्या बाई येतात ना पुस्तकाच्या. त्यांनी माऊस धरला होता." दुसऱ्यांदा. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा किती सहज येतं.

त्याने दोन-चार टिचक्या मारल्या, काही वाचलं. "दसऱ्याच्या दिवशी, सकाळी अकराले झालं हे. बाई दसऱ्याले आल्या होत्या का इथं?"

"दसऱ्याले त्या इथे कशाले येतील? त्या दिवशी त्यांचं सगळं घर दीक्षाभूमीवर…" आणि मी थांबले.

मग मी सगळं सांगितलं. हार, पाटी, आपट्याची पानं, बाईंना काय म्हटलं ते. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसू दाबत होता आधी, आपट्याच्या पानांवर. मग बाईंचं ऐकलं आणि हसू गेलं.

"मावशी, मले त्याच दिवशी फोन केला असता ना, मी बुटीबोरीहून बसल्या बसल्या करून दिलं असतं. फाईल कुठे गेली नव्हती. तुझा भाडेकरू आत झोपला होता, फक्त दाराची चावी बदलली."

त्याने नव्या सिस्टीमला चालणारी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली, कुठलंसं संरक्षण बंद केलं, दोनदा कम्प्युटर बंद-चालू केला. खिडकी उघडली. हिरवं मैदान, कोपऱ्यातलं घड्याळ, बाईंच्या आईची साठ पानं, काना-मात्रेसकट. दीड तास लागला. तीन आठवडे मी ज्याला मशीनचा बिघाड म्हणत होते, तो दीड तासाचा होता. बाकीचा सगळा माझा.

"तू बाईंना फोन कर," तो जाताना म्हणाला.

"फोन नाही. जाते."

साठ पानं मोठ्या अक्षरांत काढली, ऑटो केली, कामठी रोडला गेले. दार मुलीने उघडलं. बाई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर, एकात एक. मी बसलेही नाही. उभ्यानेच सांगितलं. दसरा, बटण, आणि त्या शनिवारचं ते वाक्य खोटं होतं हे. तुमच्या हाताने काही झालं नव्हतं, मला ठाऊक होतं, तरी म्हटलं.

मुलगी म्हणाली, "काकू!"

मला वाटलं, आता बाई नळाचं काढतील. काढावं असं वाटत होतं, दोन शब्द ऐकवले असते तर मला हलकं झालं असतं. त्यांनी नाही काढलं.

"तीन आठवडे मी गॅस नाही लावला, ताई," एवढंच म्हणाल्या. "मी म्हटलं, डोळे गेले तसे हातही गेले."

मग मुलीकडे मान वळवून, "चहा मी ठेवते. तू बस." उठल्या, भिंतीच्या आधाराने आत गेल्या. लायटर दोनदा खटखटला, तिसऱ्यांदा गॅस पेटला. आम्ही दोघी बाहेर ऐकत होतो. चहा आणला, माझ्या हातात कप दिला. त्यात साखर नव्हती. विसरल्या की घातली नाही, मी विचारलं नाही. मी सगळा प्यायले.

"आणा पानं," त्या म्हणाल्या.

पहिलं पान त्यांनी डोळ्याच्या अगदी कडेशी धरलं. मान अशी वळवली, तशी वळवली. आधीच्या भागाची पानं त्या तासाला सात-आठ वाचायच्या, मी पाहिलं होतं. आता एका ओळीला किती वेळ लागला. शब्दाची सुरुवात दिसायची, शेवट दिसायचा, मधलं बोटाने चाचपल्यासारखं शोधायच्या. तरी सोडलं नाही. मी त्या दिवसापासून रोज दुपारी जाऊ लागले. रोज दोन पानं, कधी एक. अकराव्या पानावर त्या म्हणाल्या, "बस झालं. आता नुसतं पांढरं दिसते." आणि जाड पेन्सिल माझ्यासमोर ठेवली. "वाचा तुम्ही."

साठातली अकरा बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. एकोणपन्नास मी वाचून दाखवली. दसऱ्यानंतरच्या त्या शनिवारी हे कागद त्यांच्या हातात पडले असते तर त्या तीन आठवड्यांत किती झाली असती, याचा हिशेब मी आधी करायची. डॉक्टर म्हणतात तसं सांगता येत नाही. पण मला सांगता येतं.

वाचताना बाई कडक होत्या. मी एखाद्या ठिकाणी आवाज जड केला की म्हणायच्या, "रडून नका दाखवू, वाचून दाखवा." दुरुस्त्या सांगितल्या, मी केल्या. पुस्तक आता छापायला गेलं आहे.

शेवटच्या दिवशी मी भीत भीत म्हटलं, "बाई, पुस्तकात शेवटी मी दोन ओळी टाकू का? उशीर कोणामुळे झाला, ते?"

"माझ्या आईच्या पुस्तकात तुमचा दसरा कशाले?" त्या म्हणाल्या. "सांगायचंच असलं तर तुमचं तुम्ही लिहा. आणि एक, ताई. बटण चुकून दाबलं असं लिहा पाहिजे तर. माझं नाव चुकून घेतलं, असं लिहू नका."